पंगत बसवणारे मांडवकर

आमच्या सकाळच्या गाडीचे कंडक्टर मांडवकर थांब्यांची नावं पुकारायचे, त्याच आवाजात अधूनमधून आणखी एक पुकारा करायचे, "पंगत बसलीय. पुरुषमंडळींनी खिडकीबाहेर बघावं."

म्हणजे गाडीत कुणी आई बाळाला पाजायला बसली आहे. नेहमीचे उतारू मुकाट्याने माना वळवायचे. एखादा नवखा वळवत नसला, तर मांडवकर तिकिटांची पेटी घेऊन त्याच्यासमोर भिंतीसारखे उभे राहायचे आणि त्याच्या गावाची, पावसाची, काजूच्या मोहराची चौकशी करत बसायचे.

ही दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. माझी बाळंतपणाची रजा नुकतीच संपली होती. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याच्या वाटेवर एका शाळेत मी शिकवायची. तान्ह्या निनादला सोबत न्यायची आणि शाळेशेजारच्या एका काकूंकडे ठेवायची. गाडीत पाजायची लाज वाटे, म्हणून पावडरच्या दुधाची बाटली घेऊन निघायची. निनाद ती तोंडात धरायचा नाही. तो रडायचा, इकडे माझा पदर दुधाने भिजायचा, आणि सगळी गाडी माझ्याकडे बघायची.

एके दिवशी मांडवकर शेजारी येऊन उभे राहिले. "बाई, ती बाटली पिशवीत टाका. दारूची असो नायतर दुधाची, माझ्या गाडीत बाटली चालायची नाय."

"अहो, पण इथे कसं..."

"इथंच. हलीमाखाला, जरा बघा हो."

हलीमाखाला मिरकरवाड्याहून मासळी घेऊन गावोगाव विकायच्या. त्यांनी पाटी पायाने सीटखाली सरकवली, माझ्या शेजारी बसल्या आणि ओढणीचा आडोसा धरला. "पोट पोटाला लाव त्याचं. तू वाकू नको गो, त्याला वर घे. खांदे सैल सोड."

पुढून पुकारा झाला. माना वळल्या. निनाद घटाघटा पिऊ लागला आणि कितीतरी दिवसांनी मी नीट श्वास घेतला.

पण देवदर्शनाला निघालेल्या एका गृहस्थांना ते रुचलं नाही. "आम्ही देवाला चाललोय. गाडीत हे काय चाललंय?"

"जेवण," मांडवकर म्हणाले.

"ते घरी आटपून यावं."

"मघाशी तुम्ही वडा खाल्लात, तो घरी आटपून का नाय आलात?"

गाडी हसली. गृहस्थ तापले. "मी तक्रार करीन."

"करा की. नाव मांडवकर. आणि देवळात जाताच आहात, तर देवाला विचारून बघा, पार्वतीनं काय बाटली लावली होती काय."

तक्रार खरंच झाली. मांडवकरांना साहेबांनी बोलावून घेतलं, हे मला हलीमाखालांकडून कळलं. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप बाटली काढून बसले. मांडवकर आले, माझ्या हातातली बाटली त्यांनी पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला," मी म्हटलं.

"तुमच्यामुळे नाय, त्या वडेवाल्यामुळे. साहेब म्हणाले, असा पुकारा करायचा नियम कुठं आहे? मी म्हटलं, पोराला उपाशी न्यायचा नियम दाखवा, लगेच बंद करतो."

"मग?"

"मग काय, दाखवला नाय. पाजा तुम्ही."

मी पाजत राहिले. हळूहळू आजूबाजूच्या गावांतल्या लेकुरवाळ्या मुद्दाम हीच गाडी धरू लागल्या. मांडवकरांचा आवाज आणखी चढला.

काही महिन्यांनी त्यांची गाडी बदलली. तक्रारीमुळे की नेहमीचीच बदली, विचारलं तर म्हणाले, "फरक काय पडतो? संगमेश्वरच्या गाडीतपण पोरं चढतात."

शेवटच्या दिवशी गर्दी कमी होती. ते माझ्या सीटपाशी घुटमळले. "जरा देता काय माझ्याकडे?"

मी निनादला दिलं. मांडवकरांनी त्याला गरम पातेल्यासारखं अंगापासून दूर धरलं.

"असं नाही, छातीशी घ्या."

"सवय नाय."

"तुम्हाला दोन मुलगे आहेत ना?"

"आहेत. ते एवढे होते तेव्हा मी मुक्कामाच्या गाडीवर. रात्र कायम दुसऱ्याच्या गावात. कधी घरी गेलो, की पोरं झोपलेली तरी असायची, नायतर मला बघून रडायची. धाकट्यानं एकदा आईला विचारलं, हे पाहुणे कधी जाणार?"

मला हसू आलं. तेही हसले, मग निनादला एका हातावर तोलून त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"ती एकटीच पाजायची, एकटीच जागायची. पाठीशी उशी द्यायलापण कुणी नव्हतं. पाणी हवं काय, एवढं विचारायचंसुद्धा मला कधी सुचलं नाय. आता ती नाय विचारायला."

माझा थांबा आला. मी पिशवी खांद्याला लावून हात पुढे केले, पण मांडवकरांनी निनादला दिलं नाही. त्याला छातीशी धरून ते माझ्याआधी खाली उतरले आणि शाळेच्या पायवाटेने सावकाश चालू लागले. मागे गाडी भर रस्त्यात उभी होती. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला नाही.