सोलोंगोचा ल

पहाटे पाचला आमच्या कोथरूडच्या सोसायटीत कुकर फुसफुसतो. कुकर कसला, आमच्या डोक्यावरच्या मजल्यावरचे दिगंबरराव! संस्कृत शिकवून निवृत्त झालेले, वय पंच्याहत्तर, आणि वर्षभर गॅलरीत उभे राहून मंगोलियन भाषेतला 'ल' घोटताहेत. जीभ आपल्या 'ल'च्या जागी टेकवायची आणि दोन्ही बाजूंनी वारा सोडायचा. सोडा ना, पण लोकांच्या झोपेवर कशाला?

हा माणूस जन्मभर दुसऱ्यांच्या जिभा सरळ करत आला. भाजीवाली 'केली' म्हणाली की, "केळी म्हण, मगच घेतो." मला तर भर पंक्तीत म्हणाले, "शालिनीताई, 'विशेष' म्हणताना तुमचा पोटफोड्या ष हरवतो." जिलबी घशात अडकली हो माझ्या!

त्यांचा मुलगा नोकरीला मंगोलियात, उलानबातरला गेला आणि त्यानं तिथल्याच सोलोंगोशी लग्न केलं. ती पहिल्यांदा पुण्याला आली तेव्हा मीही जेवायला होते. बिचारीनं हौसेनं पाठ केलेलं, "बाबा, पोली वाढू?"

"पोळी. पुन्हा म्हण."

एका जेवणात अकरा वेळा! मी म्हटलं, "अहो, सून आहे ती, तोंडी परीक्षा नाही."

"उच्चार म्हणजे उच्चार."

ती जी गप्प झाली, ती विमानात बसेपर्यंत. परत आली नाही.

आता दिगंबररावांनाच तिचं नाव जमेना. जिन्यात मला अडवून सांगतात, "लिहायचे तीन ओ, शेवटचा गिळायचा! आणि आपल्याकडे लग्नात सगोत्र चालत नाही, त्यांच्याकडे एका शब्दात सगळे स्वर सगोत्रच लागतात." मला काय करायचंय?

परवा साडेपाचला मी तावातावानं वर गेले. त्यांनी दूध आत घेऊन दार उघडंच टाकलेलं. फोनवर सोलोंगो, तिकडे आठ वाजलेले. त्यांनी तिचं नाव घेतलं, आपल्या सरळ मराठी 'ल'नं. ती हसली. तोंड उघडून जीभ कुठं टेकवायची ते दाखवलं. "नाही बाबा. पुन्हा." पाच-सहा वेळा झालं, दर वेळी चूक. "उद्या," म्हणून तिनं फोन ठेवला.

मी भडकले. "अहो, आत्ता गॅलरीत अगदी बरोबर म्हणत होतात! आमच्या झोपा मोडून शिकलात, आणि तिच्यासमोर मुद्दाम चुकता?"

दिगंबररावांनी फोनचा काळा पडदा सदऱ्याला पुसला.

"मागं एकदा बरोबर म्हटलं होतं. 'छान, बाबा,' म्हणाली. मग दोघांनाही पुढं काही सुचेना. आठ दिवस फोन नव्हता, शालिनीताई. चुकलो की रोज करते."