माझी डावी बाही

फळ्याकडे तोंड करून उभं राहावं आणि शेवटच्या बाकावर कोण चिंच चोखतंय ते नावानिशी सांगावं, ही माझी ख्याती! चौतीस वर्षं पेणच्या शाळेत मी, त्र्यंबक सर, याच डोळ्यांच्या जोरावर दरारा राखला. गेल्या महिन्यात मात्र रामवाडीच्या डॉक्टरीणबाईंनी मला एका यंत्रात डोकं घालायला लावलं, कडेला दिवा लुकलुकला की बटण दाबायला सांगितलं आणि शेवटी त्या म्हणाल्या, "काका, वयामुळे कडेचं दिसणं कमी झालंय. एकीकडे लक्ष लागलं की बाजूचं तुम्हाला जाणवतच नाही." मी ठणकावून सांगितलं, "यंत्र बिघडलंय!"

तेव्हापासून बायको, वृंदा, मागे लागली होती. "अहो, मान वळवून बघत जा." मी? आणि मान वळवू?

परवा जवळच्या जोहे गावी गेलो, आमचा गणपती कुठवर आलाय ते बघायला. कारखाना साईराजचा, तो माझा जुना विद्यार्थी. उजव्या हाताला भिंत, डाव्या हाताला फळीवर नुकत्याच रंगवलेल्या मूर्ती, मधे जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. आमची मूर्ती अगदी टोकाला. तिच्या डोळ्यांची आखणी अशी काही जमली होती की मी नजर न हलवता थेट तिच्यापर्यंत पोचलो. ती आखणी करणारी वैशाली शेजारीच ब्रश धूत होती. डोळ्यांचं काम तिला यंदा पहिल्यांदाच मिळालं होतं.

परत फिरलो आणि थबकलो. ओळीने पाच गणपतींच्या शेंदरी शेल्यांचा रंग फरकटलेला!

"साईराज! इकडे ये!" माझ्यातला मास्तर जागा झाला. "मी आत जाताना या मूर्ती ठीक होत्या. स्वतः पाहिल्यात! मग इथे दुसरं कोण होतं? ही!"

"सर, तुमच्या डाव्या..." वैशाली म्हणाली.

"मोठी माणसं बोलताना मधे बोलायचं नाही!"

"पन सर..."

"उलट उत्तर?"

साईराजने मान खाली घातली. "वैशाले, सर खोटं नाय बोलायचे. उद्यापासून आखणी बंद. पॅकिंगला बस."

पोरीचे डोळे भरून आले. मी मात्र शिस्त लावल्याच्या समाधानात एसटीत बसलो. शेजारची बाई पदर आवरून लांब सरकली. शिक्षकाला अजून केवढा मान आहे, असं वाटून मला भरून आलं!

घरी वृंदाने दार उघडलं. "अहो, ही बाही कुठे घासून आणलीत?"

मान वळवली. पांढऱ्या सदऱ्यावर, खांद्यापासून कोपरापर्यंत, शेंदूरच शेंदूर!

स्वतःची एवढी लाज मला कधीच वाटली नव्हती. त्या पोरीचं आखणीचं काम गेलं होतं, तेही माझ्या शब्दावर. आणि चौतीस वर्षांत मी ज्यांना ज्यांना अंगठे धरून उभं केलं, त्यांच्या तोंडात तरी खरंच चिंच होती का, कोण जाणे!

"चहा टाकतेस?" मी हळूच विचारलं.

"आधी जोह्याला जाऊन या," वृंदा म्हणाली.

तोच सदरा, तीच बाही घेऊन रिक्षाने गेलो. वाटेच्या तोंडाशी उभा राहून सगळ्या कारखान्यासमोर बाही पुढे केली. "साईराज, हे बघ. मूर्ती मी बिघडवल्या. मी काही पाहिलं नव्हतं. वैशालीला परत आखणीला बसव."

सगळ्यांचे ब्रश थांबले. "बसवतो, सर," साईराज पुटपुटला.

"मला तिची माफी मागायचीय. कुठाय ती?"

साईराज माझ्या खांद्याकडे बघू लागला.

"घरी गेली? रडत गेली का रे?" माझा आवाज चढला. "का हाकललंस तिला? बोल की!"

"सर," माझ्या डाव्या खांद्यापाशी कुणीतरी हळूच म्हणालं, "मी हितंच हाय. तुमी आल्यापासून तुमच्या बाजूलाच उभी हाय. आन् जरा कोपर आत घ्या, नायतर सहावा जाईल."

मी कोपर आत घेतलं, मान पूर्ण वळवली आणि हात जोडले.