गळा कसा हाय?

माणसं भेटली की एकमेकांचं जेवणखाण विचारतात, तब्येत विचारतात, मुलं काय शिकतात ते विचारतात. आमचे दाऊदभाऊ एकच विचारतात, "गळा कसा हाय?" बदली होऊन मी वडशाजवळच्या या गावात शाळेवर आले, तेव्हा माझी ट्रंक अजून अंगणातच होती. शेजारच्या घरातून लुंगी नेसलेले एक सत्तरीचे गृहस्थ आले आणि घोगऱ्या, फाटक्या आवाजात त्यांनी माझ्या गळ्याची चौकशी केली. मला वाटलं, वैदू असावेत.

वैदू नव्हते. गावातल्या छोट्या चर्चमध्ये गाणाऱ्यांचा जो गट होता, तो त्यांच्या ताब्यात होता. मी ख्रिस्ती आहे ही बातमी त्यांना माझ्या सामानाआधी पोचली होती. मी सांगून टाकलं, "भाऊ, मी बेसूर आहे. शाळेत मला नुसते ओठ हलवायला सांगायचे."

"कोन सांगे?" भाऊ असे तापले, जणू ते मास्तर माझ्या ट्रंकेमागेच लपले होते. "देव बहिरा नाई, मंग तुमी मुक्या काऊन?"

हे वाक्य मी पुढं तीन वर्षं ऐकलं. विश्वास डोक्यात राहत नाही, गळ्यात राहतो, असं त्यांचं ठाम मत. डोक्यातलं माणूस विसरतो, गळ्यातलं आपसूक बाहेर येतं. त्यामुळं प्रत्येक प्रसंगाला त्यांच्याकडे गीत तयार असायचं. नवऱ्याशी भांडण झालं तर क्षमेचं गीत, तेही भांडी घासताना आणि मोठ्यानं, "म्हंजे त्यालेबी आयकू जाते." अंडी उकडायला उपकारस्तुतीची चार कडवी. घड्याळ पाहून अंडी उकडणारा माणूस त्यांच्या लेखी नास्तिक.

धानाच्या रोवण्याच्या दिवसांत बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, वाकलेल्या बायकांसाठी त्यांनी एका स्तुतिगीताची चाल रोप खोवण्याच्या ठेक्यावर बसवली. शेजारच्या बांधीतल्या बायका महादेवाला मानणाऱ्या, पण ठेका चांगला म्हणून त्याही गायला लागल्या. चर्चच्या पाळकसाहेबांनी दबकत विचारलं, हे चालतं का? भाऊ म्हणाले, "धान तं दोनी बांधीत सारखंच होते ना?"

स्वतः मात्र भाऊ कधी गायचे नाहीत. पेटी वाजवायचे आणि आमच्यावर डोळे वटारायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण, असं मी मनातल्या मनात म्हणून घ्यायचे.

ती पेटी एका बंद पडलेल्या नाटक मंडळीची. भाऊंची उमर हिवाळाभर गावोगाव चालणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांत गेली होती आणि तिथल्या सवयी त्यांच्याबरोबर चर्चमध्ये आल्या होत्या. गीत आवडलं की मागच्या रांगेतले म्हातारे "वन्स मोअर" ओरडायचे आणि भाऊ लगेच धृपद उचलायचे. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे. पण माझ्या तिसऱ्या नाताळात उपदेशाला नागपूरचे पाहुणे आले. पश्चात्तापाचं गंभीर गीत झालं. मागून आवाज आला, "वन्स मोअर!" भाऊंची बोटं थांबतात होय? एकच पाप आम्ही लागोपाठ तीनदा कबूल केलं. पाहुण्यांच्या उपदेशाला दहा मिनिटं उरली.

चर्चच्या कमिटीची मान खाली गेली. महिन्याभरात मोठा स्पीकर आला आणि पेन ड्राइव्हवर शहरातल्या तयार गळ्यांनी गायलेली गीतं आली. "आता शिस्तीत होईल," सेक्रेटरी म्हणाले.

"त्या पेन ड्राइव्हनं पाप केलं हाय का?" भाऊंनी भर बैठकीत विचारलं. "मंग थो माफी काऊन मांगते?"

पण ठराव झालेला होता.

पहिल्या रविवारी गीत लागलं. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. आम्ही उभं राहून ऐकलं. दुसऱ्या कडव्यापर्यंत कुणाचे ओठही हलेनात. भाऊंनी पेटी उचलली, बाहेर जाऊन पायरीवर बसले आणि तेच गीत आमच्या संथ चालीत वाजवू लागले. पहिली ओळ संपली, पुन्हा पहिलीच ओळ. मग परत तीच. कुणीतरी शब्द घालेल म्हणून ते वाट पाहत होते.

मला शाळेतले ते ओठ हलवण्याचे दिवस आठवले आणि असा राग आला की मी तरातरा बाहेर गेले. पायरीवर उभी राहून मी मोठ्यानं गायले. बेसूर होते, आहे आणि राहीन. अंगणातलं कुत्रं उठून निघून गेलं. मग रोवण्यातल्या बायका बाहेर आल्या, मागच्या रांगेतले म्हातारे आले, शेवटी गीतांचं पुस्तक छातीशी धरून पाळकसाहेबही आले. आत स्पीकर रिकाम्या सतरंज्यांना गाऊन दाखवत होता. त्या दिवशी वन्स मोअर पाळकसाहेबांनी दिला.

सगळे पांगल्यावर मी भाऊंना गाठलं. डोकं अजून तापलेलंच होतं. "एवढं भांडता, पण आजसुद्धा स्वतः एक ओळ गायला नाहीत."

भाऊंनी पेटीचा भाता मिटला. "मी पेटीवाला नोयतो, बाई. नाटक मंडळीचा गायक होतो. पंचवीस हिवाळे गायलो. मंग गळ्यात गाठ आली, नागपूरले कापली. बोलाले येते, गायाले येत नाई." त्यांनी पेटीवर फडकं टाकलं. "तवापासून माही प्रार्थना तुमच्या तोंडानं जाते. तुमी चूप राह्यले, तं मी देवापुढं मुका."

मला रडू आलं, आणि स्वतःची लाजही वाटली. तीन वर्षं हा माणूस गावभर गळे विचारत फिरत होता. त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं.

"भाऊ," मी म्हटलं, "गळा कसा आहे?"

 समोर शेताच्या धुऱ्यावरून आमची मंडळी चालली होती. तिसऱ्या कडव्यात कोण चुकलं यावर त्यांचं भांडण जुंपलं होतं आणि ते सोडवायला सगळे ते कडवं पुन्हा गात होते.

"थो का," भाऊंनी तिकडे बोट दाखवलं, "घराकडं जाऊन राह्यला."