दोननळीपुढचा दिवा

"सरस्वतीबाय, बंदुकीला सांजचा दिवा चुकवू नको गो. माजं वरीस होईपर्यंत तरी."

सासरे धर्मराज जाताना एवढंच बोलले होते. दुसरं काही मागितलं नाही. सरस्वतीने मान हलवली आणि तिथेच ती बांधली गेली. सोमवार, गुरुवार, चतुर्थी हे तिचे नेम होतेच, त्यांत आता बंदूकही आली. देव्हाऱ्याशेजारच्या लोखंडी कपाटात दोननळी उभी असे. रोज दिवेलागणीला सरस्वती कपाट उघडी, निरांजन ओवाळी, हात जोडी आणि कुलूप लावून किल्ली कमरेला खोची. एकही दिवस चुकला नव्हता.

अडचण एवढीच होती की बंदुकीचा परवाना धर्मराजांच्या नावावर होता, आणि परवानावाला गेला की हत्यार पोलिसांत जमा करायचं असतं. हे तिच्या नवऱ्याला, हिरामणला, पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तो "बघू" म्हणाला होता. हिरामण बघू म्हणाला की ती गोष्ट पुढे कुणीच बघत नसे.

ही मात्र सगळ्या सोसायटीने बघितली. दसऱ्याला सरस्वतीने बंदुकीला झेंडूचा हार घातला, मुलाने, तेजसने, फोटो काढला आणि 'शुभ दसरा' लिहून भावकीच्या ग्रुपवर टाकायचा तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. नव्वद जणांनी न बघताच हात जोडले. एक्याण्णवावे सेक्रेटरी नंदकिशोर पाटकर होते. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात उभे. काखेत नियमांची जाड फाईल. ही फाईल आणि पाटकर कधी वेगवेगळे दिसत नसत.

"हिरामणशेठ, सोसायटीत हत्यार? एनओसी घेतली होती?"

"कुनाची?"

"सोसायटीची!"

"पाटकरसाहेब, बंदूक आधी आली, सोसायटी मागनं आली. एनओसी तुमी बंदुकीची घ्यायला पायजे व्हती."

पाटकरांनी फाईल चाळली. कुत्र्यांचे नियम होते, ड्रिलिंगचे होते, गच्चीत पापड वाळवण्यावर दीड पान होतं. बंदुकीवर काही नव्हतं. त्यामुळे ते जास्तच चिडले. "परवाना दाखवा."

सरस्वतीने हळदीच्या बोटाने परवान्याची वही पुढे केली. धर्मराजांनी तिचं नूतनीकरण एकदाही चुकवलं नव्हतं. पाटकर मोठ्याने वाचू लागले, "कारण, शेतातील उभ्या भातपिकाचे रानडुकरांपासून संरक्षण. सर्व्हे नंबर..." आणि थांबले. तो नंबर त्यांना पाठ होता. सोसायटीच्या प्रत्येक पत्राच्या डोक्यावर ते स्वतः तो छापत. ते खिडकीशी गेले. खाली, जिथे धर्मराजांचं भात उभं असायचं, तिथे त्यांची स्वतःची पांढरी गाडी उभी होती.

"म्हणजे ही बंदूक माझ्या पार्किंगचं रक्षण करते?"

"कागदावर तसंच हाय," हिरामण म्हणाला. "आनि बगा, एक तरी डुक्कर आला का?"

पाटकरांनी पुन्हा खाली पाहिलं. डुक्कर नव्हतं. तरी ते म्हणाले, "आजच जमा करा. नाहीतर मला कळवावं लागेल."

सरस्वती पुढे झाली. "पाटकरभाऊ, वर्षश्राद्धाला एकोणीसच दिवस राहिलेत. मी शब्द दिलाय. तेवढे दिवस..."

"वहिनी, भावना समजतात मला. पण नियम म्हणजे नियम."

आवाज चढवायची सरस्वतीला सवय नव्हती. तिने सासऱ्यांचं धुतलेलं धोतर काढलं, बंदूक त्यात तान्ह्या बाळासारखी गुंडाळली आणि ती निघाली. लिफ्टपाशी पाटकरांनी अडवलं. लांब सामान सर्व्हिस लिफ्टने न्यायचं, असा ठराव होता. सर्व्हिस लिफ्ट बंद होती. मग सात मजले जिन्याने उतरले सगळे. पुढे बंदूक, मागे हिरामण, त्याच्या मागे धापा टाकत पाटकर. जिन्यात भेटेल तो धोतरात काय आहे ते न विचारता नमस्कार करत होता.

पोलीस ठाण्यात हवालदार कृष्णात पोवार होते. कोल्हापूरकडचे, मिशीदार, आवाज खणखणीत. "बाळ कुणाचं म्हणायचं हे?" म्हणून त्यांनी धोतर उलगडलं आणि दोन पावलं मागे सरले. "भरलीया काय ही?"

हिरामणने सरस्वतीकडे पाहिलं. सरस्वतीने देवाकडे. पाटकर फाईल छातीशी धरून टेबलाआड झाले.

"अवो, घरात बंदूक हाय आन् भरलीया का रिकामी ते म्हाईत न्हाई?"

"आमी कदी हातच लावला नाय. तिची फक्त पूजा व्हते," हिरामण म्हणाला.

कृष्णातनी श्वास रोखून बंदूक मधल्या बिजागरीत वाकवून उघडली. आतून काही हललं नाही. मग त्यांनी नळ्या उलट्या करून टेबलावर आपटल्या. पहिल्या नळीतून मूठभर अक्षता आल्या. मग हळद, मग झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, मग आणखी अक्षता. दुसरीतून सुपारी घरंगळत आली, ती डायरीवरून पाटकरांच्या पायाशी जाऊन थांबली. दर दसऱ्याला धर्मराज नळीच्या तोंडाशी चिमूटभर अक्षता वाहायचे. त्या आतच साठत गेल्या होत्या.

कृष्णातनी बॅटरी मारून आत पाहिलं. "आन् घोड्याफुडची, काडतुसावर आपटनारी पिनच न्हाई हिला. ही बंदूक न्हवंच. ही नुसती नळी हाय ओ!"

सरस्वतीच्या डोळ्यासमोर देव्हाऱ्यातली पितळी डबी आली. सासूबाईंनी त्या डबीत एक लोखंडी खिळा ठेवला होता. जमिनीची मोजणी करायला माणसं आली आणि धर्मराज बंदूक घेऊन बांधावर जाऊन बसले, तेव्हापासून तो खिळा देवात होता. "याला हलवू नको गो," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. सरस्वती इतकी वर्षं त्यालाही फूल वाहत आली होती.

ती हळूच म्हणाली, "हिच्यातून काहीच सुटत नसेल तर परत घरी नेऊ का?"

"तसं न्हाई मावशी. कागदावर बंदूक हाय, म्हंजी बंदूकच." कृष्णातनी पावती फाडली, शिक्का मारला. "ही आता मुद्देमाल खोलीत."

"मग तिथे मी सांजेला येऊन दिवा लावू का? एकोणीसच दिवस."

"आत आग? मावशी, माझी नोकरी जाईल की ओ! खोलीत काडीसुदीक चालत न्हाई."

सरस्वतीने मान डोलावली. सांडलेल्या अक्षता तिने पदरात गोळा केल्या. दारापर्यंत गेली आणि वळली. "पोवारभाऊ, त्या खोलीला खिडकी आहे?"

"हाय की. जाळीची."

"कोणत्या अंगाला?"

"रस्त्याकडं. भाईर फुटपाथ हाय."

"फुटपाथ पोलिसांचा?"

"न्हाई, म्हापालिकेचा." बोलून गेल्यावर कृष्णातनी मिशीवरून हात फिरवला. "म्हंजी, थितं माझं काय चालत न्हाई बगा."

त्याच संध्याकाळी उन्हं कलली तशी सरस्वतीने वात वळली, तूप घातलं, निरांजन डब्यात ठेवलं. हिरामण टीव्हीसमोर होता. "कुटं चाललीस?"

"जाऊन येते."

खाली गेटपाशी पाटकर आपल्या गाडीभोवती फिरत होते. दुपारपासून त्यांना पार्किंग थोडं उघडं उघडं वाटत होतं. डबा पाहून ते ओशाळले. "वहिनी, मी काही करू शकतो का?"

सरस्वतीने क्षणभर त्यांच्या काखेकडे पाहिलं.

"ती फाईल द्याल, भाऊ? फुटपाथवर वारा फार असतो. आडोशाला बरी."

पाटकरांनी फाईल घट्ट धरली. मग सैल सोडली. सरस्वतीने ती डब्याच्या बाजूला नीट धरली, पदर खोचला आणि दिवेलागण टळू नये म्हणून भरभर पावलं उचलली.