कायमचे भारतात

ईस्ट टामाकीच्या गोदामातला ओव्हरटाइम बंद झाला, तेव्हा रमणच्या घरातून सगळ्यात आधी टीव्हीची डिश गेली. मंदीचं दुःख होतंच, पण ते चारचौघांत कबूल करायची लाज त्याहून मोठी. कंपनीला फोन केल्यावरही "परवडत नाही" हे शब्द त्याच्या तोंडातून निघेनात. पलीकडची बाई स्वस्तातली पॅकेजं सुचवत राहिली. शेवटी त्याने ठोकून दिलं, की आम्ही कायमचे भारतात परत चाललो आहोत. बाईने शुभेच्छा दिल्या आणि फोन ठेवला.

"आणि शनिवारची मॅच?" त्याच्या बायकोने, विभावरीने विचारलं.

"काशिनाथकडे डिश आहे की. सहज म्हणून जाऊ. हातात चिवडा असला की मॅचसाठी आलो असं वाटत नाही."

शनिवारी चिवड्याचा डबा घेऊन दोघं काशिनाथच्या दारात पोचले, तर दाराला कुलूप. नाणेफेक कधीच झाली असणार. रमणने घाईघाईने फोन लावला.

"अरे, आहात कुठे?"

"तुझ्या दारात," काशिनाथ म्हणाला. "मंदाने सुरळीच्या वड्या केल्यात, म्हटलं सहज देऊन यावं. तू कुठे आहेस?"

"तुझ्या दारात."

मग काशिनाथने घसा खाकरून रमणच्या डिशची चौकशी केली. बिघडलीय, रमण म्हणाला. काय योगायोग, काशिनाथ म्हणाला, आमचीही.

आता सुयशचाच आधार होता. पुण्याहून शिकायला आलेला हा मुलगा त्याच टीव्ही कंपनीत कामाला होता आणि त्याच्या घरी डिश फुकट होती. दोन्ही गाड्या तिकडे वळल्या. दार उघडताच चिवडा आणि वड्या पाहून सुयशचे डोळे भरून आले.

"मला माहीत होतं, तुम्ही मला भेटल्याशिवाय जाणार नाही."

"कुठे?" रमणने विचारलं.

"भारतात, काका. ऑफिसात कळलं मला. तुम्ही, काशिनाथकाका, अजून हेप्स लोक, अगदी ढिगाने. मॅनेजर म्हणाला, प्रेक्षकच देश सोडून चाललेत तर भारतीय चॅनल्स कुणासाठी ठेवायचे? आमचा विभाग बंद. माझी फुकटची डिशही गेली. आता मी दारोदार फिरून डिश विकतो."

काशिनाथ रमणकडे बघू लागला आणि रमण चिवड्याकडे. पोराची बसलेली घडी आपण विस्कटली, याचं रमणला मनापासून वाईट वाटलं. खरं सांगून टाकावं असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात सुयश आतून एक भलीमोठी पिशवी घेऊन आला. आईसाठी लोकरीची शाल आणि मध. भारतात जाणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, हे इथला प्रत्येक मराठी माणूस जाणतो. रमणने मुकाट्याने पिशवी घेतली. मॅच कुणीच पाहिली नाही.

पुढच्या आठवड्यात रमणच्या दारावरची बेल वाजली. तो जँडल्स, म्हणजे घरातल्या रबरी चपला घालून, पेरू खात दार उघडायला गेला. बाहेर सुयश उभा होता, छातीवर कंपनीचा बिल्ला, हातात डिशची माहितीपत्रकं आणि नोंदणीचे फॉर्म. या घरात नवे भाडेकरू आले असतील, त्यांना डिश लागेल, असा त्याचा साधा हिशोब होता.

सुयशने रमणकडे पाहिलं. मग त्याच्यामागे दिसणाऱ्या, कोपऱ्यात तशीच पडलेल्या आईच्या पिशवीकडे पाहिलं.

रमणने पेरू खाली ठेवला आणि हात पुसले.

"आत ये," तो म्हणाला. "सही कुठे करायची?"