थांब, कोण हाय?

आमच्या शेजारच्या सुभेदारांच्या फाटकातून आत जायचं तर पासवर्ड सांगावा लागतो. दूधवाल्याला, गॅसवाल्याला आणि भिंतीला भिंत असलेल्या मलाही. फाटकाचा कर्रकन आवाज झाला की आतून हाक येते, "थांब. कोण हाय?" मग आपण हळू आवाजात त्या आठवड्याचा शब्द सांगायचा. तो शब्द नेहमी भाजीचा असतो आणि दर सोमवारी बदलतो. फाटकाला तेल ते मुद्दाम घालत नाहीत. म्हणतात, "तेल घातलं की फाटक फितूर झालं."

ही व्यवस्था कागदावर चोख आहे. प्रत्यक्षात समोरच्या काकूंना शब्द आठवत नाही. त्या रस्त्यातूनच ओरडतात, "सुभेदार, या आठवड्याचं काय हो?" आणि पलीकडच्या गच्चीवरून कोणीतरी तितक्याच मोठ्यानं सांगतं, "कारलं." एकदा भाजीवाला नेहमीप्रमाणे कारली, दोडकी ओरडत आला, तर सुभेदारांनी त्याला नियमानुसार आत घेतलं आणि अर्धा किलो घ्यावी लागली.

सुभेदार मूळचे पलूसकडचे. फौजेतली सगळी नोकरी सिग्नलमध्ये. निवृत्त झाल्यावर साताऱ्यात आमच्या वसाहतीत घर बांधलं. मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हिशेब पाहतो, म्हणून मला ते नावानं हाक मारत नाहीत, 'हिशेबनीस' म्हणतात. मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. घरात खुर्च्या आहेत, पण त्या पाहुण्यांसाठी. ते स्वतः हातात फोन घेऊन घराभोवती फिरत असतात. कडी पाहतात, खिडकी पाहतात, फोन पाहतात, पुन्हा कडी पाहतात. वहिनी गेल्यापासून हे जास्त झालं.

संध्याकाळी ते अंगणातली माती खराट्यानं उलट चालत विंचरतात. सीमेवर तारेलगत असा मातीचा पट्टा ठेवत असत. सकाळी त्यावर पाऊल दिसलं की रात्री कोण आलं ते कळायचं. "आता फोनचं बी तसंच हाय," ते मला सांगतात. "तुमी जितं जितं बोट लावता तितं पाऊल उमटतंय. आन् तुमी लोक तर नाचत सुटताय गड्या."

स्वतः ते नाचत नाहीत. औषधाच्या दुकानात बिलासाठी मोबाईल नंबर मागितला तेव्हा त्यांनी विचारलं, "गोळी मी खायाची का फोननं?" आधार कार्डाची झेरॉक्स दिली तर तिच्यावर 'फक्त गॅससाठी' असं आडवं लिहून, तारीख टाकून सही करतात. ते इतक्या ठसठशीत अक्षरात की खालचा आधार क्रमांक दिसेनासा होतो, आणि गॅसवाला दुसरी झेरॉक्स मागतो. वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा फोटो नाही, नावाच्या जागी एक टिंब. तिथं ते वाढदिवसाच्या शुभेच्छा देतात, पण माग राहू नये म्हणून लगेच पुसतात. ज्याचा वाढदिवस असतो त्याला दिसतं ते एवढंच, की टिंबानं काहीतरी लिहून काढून टाकलं. नव्या बिऱ्हाडकरूंना वाटतं, हे गृहस्थ शिव्या देतात.

मागे एकदा त्यांना बँकेतून बोलतोय म्हणून एक फोन आला. मी तिथंच होतो. पलीकडचा म्हणाला, ओटीपी सांगा. सुभेदार म्हणाले, "आदी तुजा पासवर्ड सांग." तो गोंधळला. "बँकेतला हायस न्हवं? मग ह्या आठवड्याचं काय?" त्यानं काहीतरी थातुरमातुर सांगितलं. "न्हाई. दोडका हाय," असं म्हणून सुभेदारांनी फोन ठेवला, आणि मग कपाळाला हात लावला. चोराला शब्द कळला होता. त्या आठवड्यात बुधवारीच शब्द बदलला.

माझ्या सगळ्या खात्यांना बायकोचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन असा पासवर्ड होता. तो त्यांनी माझा चहा संपायच्या आत ओळखला. "हिशेबात एवढं पक्कं मानूस," ते म्हणाले, "आन् कुलपाला सुतळी." त्या दिवशी मी सगळे बदलले. माणूस विक्षिप्त असला तरी सल्ला बरोबर होता, हे नोंदवलं पाहिजे.

त्यांना एक मुलगी, अश्विनी. ती लहान असताना सुट्टीवर पलूसला आले की सुभेदार तिथल्या फाटकाशी उभे राहून शाळेतून येणाऱ्या पोरीला दरडावायचे, "थांब, कोण हाय?" आणि ती दप्तर सावरत सांगायची, "उसातली मुंगी." मगच फाटक उघडायचं. मोठी झाल्यावर तिनं सांगलीच्या एका मुलाशी आपल्या मनानं लग्न केलं आणि दोघं पाया पडायला आली. त्या दिवशी सुभेदारांनी फाटक उघडलं नाही. "आजपासनं तुजा पासवर्ड बंद," असं म्हणाले. मी भिंतीच्या अलीकडं उभा होतो, मला स्पष्ट ऐकू आलं. त्यानंतर तिचं नाव त्या घरात निघालं नाही. कोणी विचारलंच तर ते कडी पाहायला जात.

गेल्या महिन्यात त्यांनी मला भिंतीवरून हाक मारली. मी फाटकाशी जाऊन 'शेपू' म्हणायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे, या आत." तेव्हाच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

फोनवर लाल अक्षरात सूचना होती. त्यांच्या एका खात्याचा पासवर्ड चोरांच्या हाती लागलेल्या यादीत सापडला होता. ताबडतोब बदला, असं लिहिलं होतं. मी म्हटलं, "यात काय एवढं? तुम्ही तर दर सोमवारी बदलता."

"ह्यो न्हाई बदलत."

"कधीपासून?"

"कवाच न्हाई. अश्विनीनं कालेजात आसताना काडून दिलंय खातं. तिनं ठेवलेलाच हाय."

मी खातं उघडून, आत कोणकोणते फोन आहेत ती यादी काढली. एक सातारा. दुसरा सांगली. "सुभेदार," मी म्हणालो, "आत दुसरं कोणीतरी आहे." आणि त्या फोनला बाहेर काढायला बोट पुढं केलं. त्यांनी माझं मनगट धरलं. पकड अजून फौजेतली आहे.

"आसू दे," ते म्हणाले.

मग त्यांनी स्वतःच मला दाखवलं. त्या खात्यावरून कोणते व्हिडिओ पाहिले गेले, ते सगळं तिथं ओळीनं दिसत होतं. मुलगी आपल्या फोनवर बापाच्या खात्यातूनच पाहत होती आणि बाप इथं माग काढत होता. "हे बगा. गरवारपनी काय खावं. मग डिंकाचं लाडू. मग बाळाला त्याल कसं लावावं. आन् आता निसत्या अंगाया." त्यांनी स्क्रीन खाली सरकवली. "दुपारी बी अंगाई, रातच्याला बी अंगाई. झोपत न्हाई वाटतं. पोरगा हाय का पोरगी, ते मातर कळंना."

मी म्हटलं, "फोन लावा की."

"मी लावला आन् तिनं उचलला न्हाई, तर?" ते खिडकीपर्यंत जाऊन आले. "आता निदान हितं दिसती."

पण पासवर्ड तसाच ठेवणं शक्य नव्हतं. पेन्शनच्या बँकेचे मेल त्याच खात्यात येत. आणि बदलला की सांगलीचा फोन आपोआप बाहेर पडणार, हे मी त्यांना सांगितलं. ते बराच वेळ येरझाऱ्या घालत राहिले. शेवटी माझ्या हातातून फोन घेतला, मला भिंतीकडं तोंड करून उभं केलं आणि एकेक अक्षर दाबू लागले. दाबताना ते पुटपुटतात, हे त्यांच्या लक्षात येत नाही. मुंगी, एवढं मला ऐकू आलं.

"तिला कसं कळणार पण?"

"बापानं नवा ठेवला म्हंजे काय ठेवला आसंल, एवढं तिला कळाय नगं?"

यादीतून सांगली गेली. फक्त सातारा राहिला.

पुढचे दिवस वाईट गेले. सुभेदार फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून आंघोळीला नेत. अंगण विंचरायचं राहिलं. सोमवार आला तरी शब्द बदलला नाही. दूधवाला मला विचारू लागला, "शेपूच हाय का आजून? काय झालंय म्हाताऱ्याला?" मला काय सांगावं कळेना. मी कामावर असतानाही मनात तीच यादी उघडून पाहत होतो.

रविवारी दुपारी भिंतीवरून हाक आली. मी चप्पल न घालता गेलो. सुभेदार अंगणात उभे होते, फोन दोन्ही हातांत धरून. स्क्रीनवर लिहिलं होतं, सांगलीहून कोणीतरी खात्यात शिरू पाहत आहे. पासवर्ड बरोबर आहे. हे तुम्हीच आहात का? खाली 'होय' आणि 'नाही'.

"हिशेबनीस, ह्यो इचारतोय, तुमीच हाय का. काय सांगू?"

एरवी खोटी नोंद मला कुठंच चालत नाही. "होय म्हणा," मी म्हणालो. "लवकर. हे फार वेळ थांबत नाही."

त्यांनी 'होय' दाबलं. आम्ही दोघं यादीकडं पाहत राहिलो. सातारा. मग खाली, सांगली.

त्यानंतर ते पायरीवर बसले. मी त्यांना पहिल्यांदाच बसलेलं पाहत होतो. थोड्या वेळानं त्यांनी व्हिडिओंची यादी उघडली. सगळ्यात वर नवी ओळ आली होती, अंगाईची. तीच त्यांनी आपल्या फोनवर अगदी बारीक आवाजात लावली आणि तशीच ऐकत राहिले, संपेपर्यंत. मी निघालो. फाटकाला हात लावला तेव्हा मागून ते दबक्या आवाजात म्हणाले,

"हिशेबनीस, फाटक हळू लावा. तिकडं आत्ता कुटं झोपलंय."