बखर घूंकाराच्या साक्षीची

श्रीशारदा कानीं वसो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, कार्तिक वद्य पंचमीस राज्यात जे वर्तमान घडले ते येणेंप्रमाणे. राज्याच्या धनीण गोजराबाईसाहेब, वय सत्तरीपार, कारभारास कडक, परंतु कान मंदावत चालले, आणि वैद्यांनी कानांत दिवा धरोन पाहिले आणि सांगितले कीं संक्रांतीपावेतो ऐकू येईल, पुढे भरवसा नाहीं. तेव्हां बाईसाहेबांनी जामदारखान्यातील एक जुनी टेप काढविली. त्या सहा वर्षांच्या असतां मातोश्री साळूबाई कैलासवासी जाहल्या होत्या. त्यांनी गाइलेला एक पाळणा बाईसाहेबांचे तीर्थरूप थोरल्या महाराजांनी त्या टेपेवर धरून ठेविला होता, आणि मातोश्रींचा म्हणावा ऐसा दुसरा आवाज पृथ्वीवर नव्हता. मग ध्वनिसचिव कोनेरपंत यांस बोलावून आज्ञा जाहली, "पंत, कान जायच्या आत एकदा आईला ऐकवा."

मग पंतांनी विडा उचलिला. टेप इतकी जीर्ण कीं एकवार यंत्रावर चालली आणि तिचा मुलामा भुकटी होऊन गळाला. परंतु त्या खात्याची जुनी चाल होती कीं पहिली नक्कल जैसी उतरेल तैसी मोहोर करोन ठेवावी आणि हत्यार चालवावे ते दुसरीवर. ती चाल पाळिली, हे राज्याचे नशीब. मग दुसरीवर स्वारी केली. आत सळसळ, चटचट आणि घूंकार ऐसे तीन गनीम ठाण मांडून बसले होते. घूंकार म्हणजे विजेच्या तारांतून शिरते ती अखंड घूं घूं. पंतांस तिचा भारी राग, म्हणोन पहिला तोच कापिला, आणि मग चटचट एकेक वेचून मारिली, आणि सळसळ हटविली, आणि कोणी न सांगतां नौबत वाजविली. नौबतीची हौस पंतांस पहिल्यापासूनच.

मग दरबार भरला आणि पाळणा लागला. आवाज घासल्या ताटासारखा लख्ख, परंतु आठ वर्षांच्या पोरीचा वाटावा इतका बारीक, आणि गाणे घाईघाईने पळे. बाईसाहेबांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "हे कोण गातंय?" शोध करितां कळले कीं थोरल्या महाराजांच्या यंत्राचा पट्टा ढिला, धरतेवेळी ते हळू फिरले, म्हणोन आता नीट चालत्या यंत्रावर गाणे धावते. परंतु किती हळू, हे सांगणारा कोणी हयात नव्हता. तेव्हां दिवाण भिवजीराव पुढे सरसावले. "त्यात काय मोठंसं? आवाज जरा जरा जाड करत जाऊ. बाईसाहेबांना पटला की थांबू." सारे दरबारी माना हालवू लागले, आणि कोणी म्हणे पावशेर जाड करा, आणि कोणी म्हणे अर्धा शेर. तेव्हां बाईसाहेब रागें भरून बोलिल्या, "मला पटेल असा आवाज नको. मला तरी काय आठवतंय? तुम्ही कुणालाही आई म्हणून पुढं कराल आणि मी रडेन. तिचाच हवा." हे ऐकोन सारे खाली पाहूं लागले, आणि लिहिणाराचेही डोळे भरून आले, ते लपविण्यात अर्थ नाहीं.

मग पंत डोके धरोन बसले आणि एकाएकी ताडकन उठले. राज्याची वीज तेव्हांही सेकंदास पन्नास हेलकावे घेई आणि आजही तितकेच घेते. टेप वाजवी वेगाने चालली तर घूंकार पन्नासच भरावा, आणि ती पळाली तर तोही चढावा. खऱ्या वेगाचा साक्षीदार तो एकटा, आणि पंतांनी आधी त्याचीच मान उडविली होती. मग मोहोर फोडून पहिली नक्कल काढिली, तींत घूंकार जिवंत सांपडला, मोजिला तो छप्पन भरला. मग तो पन्नासावर उतरेपावेतो गाण्याचा वेग कमी केला, आणि पंत दरबारात हात जोडोन उभे राहिले. "बाईसाहेब, चूक माझी. साक्षीदारालाच गनीम समजलो. हुकूम असेल तर आता त्याला काढतो." बाईसाहेब म्हणाल्या, "राहू दे. आईच्या सोबतीला इतकी वर्षं तोच होता."

पाळणा पुन्हा लागला. खाली घूंकार, वर मातोश्री. आवाज भरदार, किंचित घोगरा, कसलीही घाई नाहीं. आणि पाळणा संपतां संपतां मातोश्री गाणे सोडून एकदम बोलिल्या, "गोजरे, हात लावू नको त्याला. यंत्र बिघडेल." आणि बाईसाहेबांच्या तोंडून आपसूक निघाले, "नाही लावत, आई." तोच घोगरेपणा, तोच ठसका. डोळे मिटून बसलेल्या भिवजीरावांस कळेना कीं टेपेतले बोलणे कोणते आणि गादीवरचे कोणते. बाईसाहेबांनी आपल्या गळ्यास हात लाविला आणि हळूच म्हणाल्या, "अगं बाई, आणि मी हिला जामदारखान्यात शोधत होते."

येणेंप्रमाणे आवाजाची मोहीम. टेप भुकटी होऊन गेली, आणि संक्रांतीस कानही गेले. परंतु बाईसाहेब रोज प्रातःकाळी गळ्यावर तळहात ठेवून मोठ्याने म्हणतात, "गोजरे, हात लावू नको त्याला," आणि हातास ती थरथर लागते तोवर राज्यात कोणी मध्ये बोलत नाहीं. घडले तैसे लिहिले.